खाच आठपदरी, वाट एकपदरी

संसारात भांडणाची कारणे काय कमी असतात? सासर-माहेर आहे, पैसा आहे, मुलांचा अभ्यास आहे, आणि मुंबईकरांना तर दोन खोल्यांची जागा हेच एक बारमाही कारण पुरते. पण संगणकाच्या पोटातल्या, वीतभरही लांब नसलेल्या एका खाचेपायी नवरा-बायको तीन आठवडे एकमेकांशी धड बोलत नाहीत, हा प्रकार मी गेल्या वर्षी नवरात्रात प्रथमच पाहिला. स्थळ मुलुंड पूर्व, गव्हाणपाडा. नवरा-बायको म्हणजे माझी सख्खी भाची आणि आमचे जावईबापू.

दोघांचा धंदा एकच. लग्नांचे चित्रपट जुळवायचे. चित्रपट हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. आमच्या वेळी एक फोटोग्राफर यायचा, अंतरपाट दूर होताना एक, सप्तपदीला एक आणि ‘सगळे इकडे बघा’ म्हणून एक असे फोटो काढून, जेवून जायचा. आता लग्नाला चार-चार कॅमेरे असतात. वधूवर एक, वरावर एक, मांडवाच्या वरच्या बाजूने एक आणि पाहुण्यांत फिरता एक. हे चारही एकाच वेळी पडद्यावर चालवून, त्यातला हवा तो क्षण हव्या त्या कॅमेऱ्यातून उचलायचा, हे यांचे काम. काम फार बारकाईचे, आणि गिऱ्हाईक घाईचे.

आता थोडा हिशेब, कारण पुढची सगळी गोष्ट हिशेबाचीच आहे. हे लोक जुळवणीसाठी जो चित्रप्रकार वापरतात, त्यात एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला सुमारे ९२ मेगाबाइट खाते. चार कॅमेरे म्हणजे ३६८. भाची एका टेबलावर आणि जावई दुसऱ्या टेबलावर असे दोघे एकदम बसले, की ७३६. सेकंदाला! एवढे सगळे साठवायचे कुठे? तर त्यासाठी जावयांनी स्वतःच्या हाताने एक सर्व्हर जुळवला. सर्व्हर म्हणजे काही अगम्य वस्तू नव्हे. घरातली सामाईक कोठीची खोली म्हणा. धान्य एकाच जागी, काढून घेणारे दोघे. जुना संगणक, त्यात वेगवान साठ्याच्या दोन सॉलिड-स्टेट डिस्क जोडीने लावलेल्या, आणि बेडरूममध्ये लोखंडी कपाटाच्या शेजारी त्याची स्थापना.

कोठीपासून टेबलापर्यंतची वाट मात्र रुंद हवी. आपल्या घरोघरी इंटरनेटच्या डब्यातून जी तार येते तिची ऐपत बहुधा सेकंदाला १ गिगाबिट, म्हणजे १२५ मेगाबाइट. (बिट आणि बाइट यांत आठाचा फरक आहे, आणि निम्मी भांडणे इथेच जन्मतात.) त्यात चार कॅमेरे कुठले मावणार? म्हणून जावयांनी १० गिगाबिटची नेटवर्क कार्डे आणली. नवी नव्हेत. मोठ्या कंपन्यांची संगणकगृहे २५ आणि १०० गिगाबिटवर गेली, तशी त्यांची जुनी १० गिगाबिटची कार्डे बाजारात उतरली, आणि मुंबईत असली वस्तू शेवटी जिथे येते तिथे, म्हणजे लॅमिंग्टन रोडवर येऊन पडली. या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण त्या नावाने रिक्षा-टॅक्सीवाल्याला विचाराल तर तो तुमच्याकडेच बघत राहील. सर्व्हरमध्ये दोन तोंडांचे एक कार्ड, दोन्ही टेबलांच्या संगणकांत एकेक, आणि मध्ये तांब्याच्या दोन जाड केबली, सरळ इकडून तिकडे. मध्ये स्विच नाही, काही नाही. स्वस्तात मस्त.

आणि चालले हो! एप्रिल ते ऑगस्ट अगदी झकास चालले. कुरकुर सुरू झाली ती गणपतीनंतर.

कुरकूर चमत्कारिक होती. भाची एकटी कामाला बसली, की सारे ठीक. जावई एकटे बसले, तरी ठीक. दोघे एकदम बसले, की दोघांचीही चित्रे अडखळू लागत. वधू हार घालायला हात वर करी आणि हात तसाच वर राही. मग या खोलीतून, “अहो, तुम्ही काय कॉपी करताय का?” आणि त्या खोलीतून, “मी काहीच करत नाहीये, तूच एक्स्पोर्ट लावलं असशील.” पहिल्या आठवड्यात हे विनोदाने चालले. दुसऱ्या आठवड्यात विनोद संपला. तिसऱ्यात त्यांनी पाळ्या लावल्या, भाची दिवसा आणि जावई रात्री. म्हणजे एक झोपेल तेव्हा दुसरा जागा. दोघांच्या हातून मिळून एकाचेच काम होऊ लागले. अमेरिकेला परतायच्या आत फिल्म हवी म्हणणाऱ्या एका कुटुंबाचे पैसे अडकले. डोक्यावर पतपेढीचे हप्ते, समोर तुळशीचे लग्न, आणि ते लागले की लग्नसराई. एका माहितगाराने येऊन, वरवर पाहून, “सगळंच बदलायला हवं” म्हणून दीड लाखाचा आकडा कागदावर लिहून दिला होता. जावयांच्या मनात त्याहून वेगळे घाटत होते. हे सगळे विकावे आणि पूर्वीची नोकरी पुन्हा धरावी. ते भाचीने मला फोनवर सांगितले, आणि सांगताना तिचा आवाज बरा नव्हता.

मी टेलिफोन खात्यातला माणूस. १९८६ साली मुंबईचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले, त्याआधीपासून मी घाटकोपरच्या बाजूला फॉल्ट काढीत फिरलो. पुढे एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झाले, संगणकाशीही गाठ पडली. पण खरे शिक्षण झाले ते पावसाळ्यातल्या केबलींवर. टेलिफोन बंद पडला की आम्ही गिऱ्हाइकाच्या घरी धावत नसू. आधी एक्स्चेंजमधल्या फ्रेमवर त्याची लाइन तोडून पाहायची. दोष आतला की बाहेरचा? बाहेरचा, तर मग कॅबिनेटवर जायचे आणि तिथे पुन्हा तोडून पाहायचे. कॅबिनेटच्या अलीकडे की पलीकडे? मग पिलर, मग खांबावरचा डीपी. दर वेळी संशयाचा मुलूख निम्मा होतो. “मामा, तू येऊन बघ ना जरा,” असे भाची म्हणाली, तेव्हा माझ्या पोतडीत एवढी एकच विद्या होती.

रविवारी सकाळी पंतनगरहून निघालो तो दहाच्या सुमारास गव्हाणपाड्यात. ऑक्टोबरचे ऊन म्हणजे काय ते मुंबईकरांना सांगायला नको. जावई घरीच होते. “या मामा,” म्हणाले, पण चेहऱ्यावर भाव असा, की आता हेही बघून घेऊ.

मी पहिले विचारले, “अहो, सुरुवातीला चांगले चालत होते म्हणता, तेव्हाचा आकडा आहे का कुठे लिहिलेला?”

त्यांनी टेबलाच्या खणातून एक दोनशे पानी वही काढली. पहिल्याच पानावर तारीख, आणि खाली ‘९.४ गिगाबिट, दोन्ही टेबले, एकेकट्याने’. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. लाइन चांगली असतानाचे रीडिंग ज्याच्याजवळ आहे, त्याचा फॉल्ट अर्धा सापडल्यासारखाच. (१० गिगाबिटच्या वाटेवर ९.४ कसे, असे कुणी विचारील. माल एका वेळी दीड हजार बाइटच्या पाकिटांतून जातो, आणि प्रत्येक पाकिटाला पत्ता, शिक्का आणि दोन पाकिटांतले अंतर यांची जागा जाते. पूर्ण वेगात अशी सेकंदाला आठ लाखांवर पाकिटे धावतात. टपालखर्च वजा जाता ९.४ उरतात, आणि एवढे उरले तर वाट निर्दोष समजावी.)

मग पहिला तोडा घातला. फायली कॉपी करून वेग पाहणे हा मोठा फसवा उद्योग आहे, कारण त्यात डिस्क, प्रोसेसर, वाट, सारे एकत्र शिजलेले असते. त्यासाठी आयपर्फ नावाचा एक छोटा प्रोग्राम मिळतो. तो डिस्कला हात न लावता, एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत नुसती पाकिटे फेकतो आणि मोजतो. म्हणजे कोठीचे दार बंद ठेवून केवळ वाट तपासायची. भाचीने तो चालवला. आकडा आला ३.२५. दुसऱ्या टेबलावर, पुन्हा ३.२५. मग मी म्हटले, “आता दोन्हीकडे एकदम लावा.” इकडे १.६, तिकडे १.६.

दोघेही एकमेकांकडे पाहू लागले. “म्हणजे मी कॉपी करत नव्हते,” भाची म्हणाली. जावई काही बोलले नाहीत, पण चहा टाकायला ते उठले.

पाहा, या तीन आकड्यांनी केवढे काम केले! डिस्कचा संबंध संपला. डिस्क या खेळात नव्हतीच. दोन केबली निरनिराळ्या, दोन टेबलांचे संगणक निरनिराळे, तरी आकडा एकच; म्हणजे केबली आणि टेबले सुटली. दोघांची बेरीज पुन्हा सव्वातीनच भरते, म्हणजे दोन्ही वाटा जिथे एक होतात तिथेच कुठेतरी बूच आहे. आणि त्या एक होतात सर्व्हरच्या आत. गुंताही तिथेच उलगडतो. सव्वातीन गिगाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे ४०० मेगाबाइट. एकट्याला लागतात ३६८, ते जेमतेम बसतात. दोघांना लागतात ७३६, ते बसणार कसे?

उरला सर्व्हर. जावयांचा संशय उष्णतेवर होता, आणि तो अगदीच वावगा नव्हता. ही कार्डे मुळात थंड संगणकगृहांत, जोराच्या वाऱ्यात राहण्यासाठी घडवलेली. त्यांच्यावर ॲल्युमिनियमचे नुसते पंखे-पंखे काढलेले असतात, फिरता पंखा नसतो. मुलुंडच्या बेडरूममध्ये त्यांना वारा कोण घालणार? कार्डाला बोट लावले तर चटका बसत होता. टेबलफॅन उघड्या डब्यावर धरला, दहा मिनिटे थांबलो. कार्ड निवले, आकडा ३.२५.

मग प्रोसेसर. इतकी पाकिटे उघडायची म्हणजे एका कारकुनाचे काम नव्हे. सगळी पाकिटे एकाच कारकुनाच्या, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच गाभ्याच्या टेबलावर पडत असतील, तर तो घामाघूम होतो आणि बाकीचे जांभया देतात. असे पुष्कळदा घडते. भाचीने पडद्यावर चारही गाभ्यांचा भार लावला. कुणीच घामाघूम नव्हता. खातरजमा म्हणून पाकिटाचा आकार दीड हजारावरून नऊ हजार बाइट केला. तसे केले की पाकिटांची संख्या सहाव्या हिश्शावर येते. कारकुनामुळे अडले असते तर आकडा उडी मारून वर गेला असता. तो तसाच राहिला. म्हणजे अडचण पाकिटांच्या संख्येची नव्हती, मालाच्या वजनाची होती. कुठेतरी दरवाजाच अरुंद होता.

आता संगणकाच्या पोटातला भूगोल थोडा सांगितला पाहिजे. नेटवर्क कार्ड मुख्य पाटावरच्या एका खाचेत उभे राहते. या खाचेतून प्रोसेसरकडे रस्ता जातो, आणि रस्त्याला पदर असतात, आपल्या हमरस्त्याला असतात तसेच. आमच्या कार्डाच्या पिढीत एका पदरावरून सेकंदाला ५ गिगाबिट धावतात, पण दर दहा बिटांत आठच मालाचे, दोन बंदोबस्ताचे. म्हणजे एका पदराची खरी ऐपत ४ गिगाबिट. कार्ड आठ पदरांचे. आठा चोक बत्तीस. दहाची दोन तोंडे आरामात पोसली जावीत. पण त्यातही गोम अशी, की खाच लांबीने सोळा पदरांची दिसते म्हणून तिच्यामागे सोळा पदर असतातच असे नाही. लांबी ही केवळ कार्ड मावावे म्हणून. आत तारा चारच्या, क्वचित एकाच पदराच्या. मुलुंड चेकनाका डोळ्यांपुढे आणा. २०२४ च्या ऑक्टोबरात हलक्या गाड्यांचा टोल गेला. त्याआधी केवढ्या रुंद रस्त्यावरून येऊन गाड्या टोलच्या खिडकीशी तुंबत. रस्ता कितीही रुंद असला, तरी एक खिडकी उघडी असली की हिशेब एका खिडकीचाच.

चारातून माल बांधण्याचा आणखी खर्च वजा केला, तर किती उरावेत? सव्वातीनच्या आसपास. मी हा गुणाकार कागदावर करून जावयांपुढे सरकवला. ते कागदाकडे पाहतच राहिले.

लिनक्सवर हे विचारायची सोय आहे. एलएसपीसीआय म्हणून हुकूम दिला, की प्रत्येक कार्डाची कुंडली समोर येते. त्यात दोन ओळी एकाखाली एक असतात. कार्डाची पात्रता काय आणि प्रत्यक्षात मिळाले काय. पहिल्या ओळीत आठ पदर. दुसऱ्या ओळीत एक! आणि सर्व्हर चालू होतानाची नोंदवही उलगडली, तर तिथे यंत्राने स्वतःच लिहून ठेवले होते, की ४ गिगाबिटच उपलब्ध आहेत, एका पदराच्या मर्यादेमुळे. योग्यता ३२ ची आहे. रोज सकाळी यंत्र हे ओरडून सांगत होते. पण ती वही उघडतो कोण? पावसाळ्यात एक्स्चेंजमध्ये धोक्याचा दिवा अख्खी रात्र जळत असे, तशातलीच गत.

सोनेरी दात मळले असले तरी पदर गळतात, म्हणून कार्ड काढले, दात साफ पुसले, पुन्हा दाबून बसवले. एकच पदर. म्हणजे मळ नव्हे.

“पण पहिल्या दिवशी ९.४ आले होते,” जावई म्हणाले. “एका पदरातून ते येणंच शक्य नाही. कार्ड तर मी हलवलेलं नाही.”

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटले, “कार्ड हलवले नसेल. दुसरे काही आणले का, गणपतीच्या सुमारास?”

आणले होते. जुन्या लग्नांचा साठा वाढला म्हणून चार मोठ्या हार्ड डिस्क घेतल्या होत्या, आणि त्या जोडायला पाटावर तोंडे पुरेनात म्हणून चार तोंडांचे एक छोटे कार्ड, शेजारच्या आखूड खाचेत. डिस्कवर संशय सर्वांनीच घेतला होता, माहितगारानेही. पण दोन्ही टेबलांचे चालू काम सॉलिड-स्टेटवरच होते; त्या डिस्क तर दिवसभर झोपलेल्या. मग त्यांचा वाटेशी काय संबंध?

पाटाची मूळ पुस्तिका माळ्यावर, डब्यात होती. भाची स्टुलावर चढली, दिवाळीच्या कंदिलाचे खोके आधी खाली आले, मग पुस्तिका. खाचांच्या कोष्टकाखाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक टीप. खालच्या लांब खाचेला चार पदर आहेत. मात्र आखूड खाचांत काही बसवले, तर लांब खाच एका पदरावर चालेल. पदर मोजकेच होते आणि दोन्ही खाचांत वाटलेले होते. आखूड खाचेत पाहुणा आला, की मोठीच्या वाटणीचे तीन पदर गेले. कुठे लाल दिवा नाही, कुठे तक्रार नाही. केबलीच्या टोकाला हिरवा दिवा तसाच जळतो, आणि तो सांगतो की जोडणी १० गिगाबिटची आहे. तो खोटे बोलत नाही, कारण त्याला फक्त केबलीचेच ठाऊक.

मला या दोषाचे कौतुक वाटले, ते एवढ्याचसाठी. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा तारेचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. त्याच साली अंधेरीत सीप्झ उभे राहिले. १९९५ च्या १५ ऑगस्टला आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट आले, तेव्हा फोनच्या तारेवरून अक्षरे मुंगीच्या गतीने पडद्यावर येत, आणि ती येतात याचेच आश्चर्य. १० गिगाबिटचे मानक ठरले २००२ साली. आज ते गव्हाणपाड्यात कपाटाशेजारी आहे. एवढी वर्षे सगळी अडचण तारेची असायची. तार गरीब, यंत्र श्रीमंत. आता तारच इतकी श्रीमंत झाली, की घरातल्या उंबरठ्यात अडकते. आमच्या काळातला फॉल्ट रस्त्यावर सापडे, आताचा दाराच्या आत.

उपाय सोपा निघाला. पाटावर सर्वांत वर प्रोसेसरला थेट जोडलेली पूर्ण पदरांची खाच होती, आणि तिच्यात चित्राचे जुने कार्ड बसले होते. सर्व्हरला चित्र कशाला? त्याच्यापुढे पडदाही नाही. आणि लागलेच कधी, तर प्रोसेसरमध्ये चित्राची सोय आहेच. ते कार्ड काढले, नेटवर्क कार्ड वर नेले, आणि कार्डासमोर एक छोटा पंखा दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधला, कारण उष्णता या खटल्यात आरोपी नसली तरी ती जवळपास होतीच. फार तापले तर असले कार्ड स्वतःला बंदच करून घेते, आणि ते लग्नसराईत व्हायला नको.

यंत्र चालू झाले. कुंडलीत आठ पदर. डावे टेबल ९.४१. उजवे ९.४१. मग दोन्ही एकदम, आणि तेव्हा खोलीत कोणी बोलत नव्हते. ९.४ आणि ९.४.

भाचीने अडकलेले लग्न उघडले, जावयांनी दुसरे. चार कॅमेरे इकडे, चार तिकडे. वधूने हात वर केला आणि हार सरळ वराच्या गळ्यात पडला. “मामा, जेवूनच जा,” भाची म्हणाली. जावई पतपेढीचे पुस्तक कपाटात ठेवून खाली गेले आणि श्रीखंड घेऊन आले. त्यांनी नोकरीचे पुन्हा काढले नाही. अमेरिकेच्या पाहुण्यांची फिल्म त्यांचे विमान उडायच्या दोन दिवस आधी त्यांच्या हातात पडली.

जेवताना जावयांनी एक शंका काढली. नव्या हार्ड डिस्कवरून एक जुने लग्न कॉपी करून पाहिले, तर वेग सेकंदाला १८० मेगाबाइटच! वाट तर आता मोकळी होती. मी म्हटले, तो दोष नव्हे, तो त्या डिस्कचा स्वभाव. फिरत्या तबकडीवरून माल उचलायचा म्हणजे दीड-दोनशेच्या पलीकडे ती फारशी जात नाही, वाट कितीही रुंद करा. चालू काम सॉलिड-स्टेटवर, झालेले काम तबकडीवर, असा रिवाज त्यांनी घातला आहे. चार तोंडांचे ते छोटे कार्ड मात्र अजून त्याच आखूड खाचेत आहे. त्याला एक पदर पुरतो.